फेब्रुवारीतला सांगोला आणि मे महिन्यातला सांगोला

३,२२,८४५. २०११ च्या जनगणनेत सांगोला तालुक्याची लोकसंख्या एवढी भरली. त्यानंतर आमच्या तालुक्याचं जे काही ठरलं, ते हाच आकडा समोर ठेवून ठरलं. शाळेला खोल्या किती, आरोग्य उपकेंद्र कुठं, रेशनचा कोटा किती, उन्हाळ्यात टँकरच्या खेपा किती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता नवी होतेय, तिची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. म्हणजे माणसं मोजायला प्रगणक घरोघरी जाणार ते पुन्हा फेब्रुवारीत. या फेब्रुवारीबद्दल मला बरंच सांगायचं आहे.

मी सांगोला तालुक्यातली. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, तीही बरीचशी याच तालुक्यात. निवृत्तीनंतर सोलापुरात, जुळे सोलापुरात राहते. २०११ ला मी प्रगणक होते. भूगोल हा माझा आवडता विषय, आणि सातवीच्या पोरांना 'पर्जन्यछायेचा प्रदेश' शिकवताना मला पुस्तक उघडावं लागायचं नाही. खिडकीतून बाहेर हात केला की झालं.

सोलापूर जिल्ह्याचे तालुके अकरा. क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर, २०११ ची लोकसंख्या ४३,१७,७५६. पण ही माणसं जिल्हाभर सारखी पसरलेली नाहीत. एकट्या उत्तर सोलापूर तालुक्यात, शहर धरून, १०,५७,३५२ माणसं राहतात आणि हा तालुका क्षेत्रफळाने जिल्ह्यात सगळ्यात लहान. आमचा सांगोला पंधराशेहून जास्त चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्याच्या दुपटीहून मोठा, आणि माणसं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. चौरस किलोमीटरला दोनशेच्या आसपास. शेजारच्या माळशिरसचं क्षेत्रफळ जवळपास आमच्याएवढंच, पण तिथे ४,८५,६४५ माणसं. फरक कशाचा, हे अकलूजकडे एकदा जाऊन आलं की विचारावं लागत नाही. नीरा उजव्या कालव्याचं पाणी तिथे ब्रिटिशांच्या काळापासून आहे. आमच्याकडे त्या कालव्याचं शेपूट येतं, आणि शेपटाला पाणी कधी आणि किती पोचतं ते शेपटाकडच्या शेतकऱ्यालाच विचारावं.

पाणी तिथे माणसं, असं सरळ सूत्र मात्र मांडता येत नाही. करमाळ्याचं बघा. उजनीचा एवढा मोठा जलाशय त्यांच्या उशाला, आणि तरीही २,५४,४८९ माणसं सोळाशे चौरस किलोमीटरवर, सांगोल्याहूनही विरळ. धरणाच्या पोटात त्यांची गावं गेली, काळी जमीन गेली, माणसं उठून दुसरीकडे बसवली गेली. नकाशावर निळा रंग जवळ दिसतो म्हणून तालुका सुखी असतो, असं कुणी समजू नये.

सोलापूरहून सांगोल्याला मी एसटीने जाते. खिडकीची जागा मिळाली तर हा रस्ता म्हणजे भूगोलाचा पूर्ण धडा आहे. तिऱ्ह्याला सीना ओलांडायची, कामती मागं टाकायची, बेगमपूरला भीमा. पलीकडे माचणूरचं सिद्धेश्वराचं देऊळ आणि किल्ला. औरंगजेबाची छावणी इथेच ब्रह्मपुरीला काही वर्षं होती. एवढा मोठा लवाजमा त्याने इथे का ठेवला, याचं उत्तरही नदीतच आहे. शेकडो कोसांचा मुलूख कोरडा असताना माणसं आणि जनावरं पाण्याजवळच ठेवावी लागतात. तिथून मंगळवेढ्यापर्यंत काळीभोर, खोल जमीन. हीच मालदांडी ज्वारीची जमीन. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या जमिनीला पाऊस पडताना लागत नाही, पडून गेल्यावर लागतो: हस्ताचा पाऊस ती पोटात धरून ठेवते आणि त्याच ओलीवर थंडीत ज्वारी पोसते. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं लोकांना खुली केली ती याच गावात. मुळात कोठारं भरलेली होती, म्हणून उघडता आली.

मंगळवेढा सोडलं की हळूहळू जमिनीचा रंग बदलायला लागतो. काळी पातळ होते, तांबूस होते, मग मुरूम वर येतो. वाढेगावला माणेचं पात्र लागतं. माण, कोरडा आणि अप्रुका या तिन्ही नद्यांचा संगम इथे आहे, आणि वर्षातले बरेच महिने त्या संगमातून बैलगाडी कोरडी पार होते. माण उगम पावते साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या डोंगरांत, दहिवडी, म्हसवडवरून आटपाडीकडे उतरते, मग आमच्या तालुक्यातून जाऊन पंढरपूर तालुक्यात सरकोलीला भीमेला मिळते. तिचा सगळा प्रवासच पर्जन्यछायेत. कृष्णा, कोयना, नीरा सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस घेऊन येतात, माणेच्या वाट्याला तो माथाच नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आमचं गाव, आणि आमच्याकडे पाचशे मिलिमीटर पडला तर लोक म्हणतात, यंदा बरं झालं. तोही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उत्तरा आणि हस्तात, परतीच्या वाटेवरचा. जून-जुलैत ढग येतात, वारा सुटतो आणि ढग पुढे निघून जातात. लहानपणी मला वाटायचं सगळीकडे असंच असतं.

तालुक्याच्या सीमेबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती शाळेच्या पुस्तकात येत नाही. स्वातंत्र्यापूर्वी सांगोला ब्रिटिश मुलखात होता. पूर्वेचं मंगळवेढा सांगली संस्थानात, पश्चिमेची आटपाडी औंध संस्थानात, दक्षिणेला जत हे स्वतःचंच एक संस्थान. एका दिवसाच्या चालीत चार राजवटी. त्यांची माणसं मात्र एकच: तीच खिलार जनावरं, तीच मेंढरं, तीच ज्वारी-बाजरी, त्याच सोयरिकी. आजही आमच्या वाडीतल्या निम्म्या सुना आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडच्या, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या. जिल्ह्याची हद्द कचेरीला लागते, माणसांना नाही.

आता वस्तीकडे येते, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तिथे आहे.

कोकणात किंवा कृष्णाकाठी गाव म्हणजे एक गठ्ठा असतो. एकमेकांना चिकटलेली घरं, मधे देऊळ, एक वेस. सांगोल्यात गावठाण असतं खरं, पण त्यात गावातली सगळी माणसं राहत नाहीत. शंभरावर गावं आहेत आणि प्रत्येक गावाच्या शिवारात वस्त्या आणि मळे विखुरलेले. जिथे विहिरीला पाणी लागलं तिथे एका भावाने घर बांधलं, मग चुलत्याने, मग त्या आडनावाचीच वस्ती झाली. काही वस्त्या गावठाणापासून चार-पाच किलोमीटर लांब. २०११ ला नगरपालिकेचं शहर फक्त सांगोला, तेही चौतीस हजारांच्या आसपासचं. म्हणजे तालुक्यातली दहापैकी नऊ माणसं खेड्यात, आणि खेड्यातली किती तरी माणसं वस्तीवर. नकाशावर गावाच्या नावाचा एक ठिपका असतो. त्या ठिपक्यात माणसं नसतात, माणसं ठिपक्याच्या भोवती सगळ्या शिवारात असतात.

प्रगणकाला नजरी नकाशा काढावा लागतो. माझ्या गटाचा नकाशा काढताना कागद कमी पडला, दुसरा जोडला. ओढा, त्यावरचा सिमेंट बंधारा, बिरोबाचं देऊळ, दोन डाळिंबाच्या बागा, बंद पडलेली विहीर, एक लिंबाचं झाड ज्याच्याखाली एसटी थांबते, आणि या सगळ्यांमधे घरं. घरावर आकडा टाकायला भिंत लागते. काही ठिकाणी भिंतच नव्हती, तुराट्यांचा कूड आणि वर पत्रा. तिथे दाराच्या चौकटीवर आकडा टाकला.

फेब्रुवारीचे दिवस म्हणजे ज्वारीची काढणी. सकाळी माणसं रानात, दुपारी रानात, रात्री दमून झोपलेली. म्हणून मी रानातच गाठत होते. बाई, तुम्ही इचारा, आमी काढत बोलतो. बायका वाकून ज्वारी उपटत उत्तरं द्यायच्या. नाव, वय, लग्नाच्या वेळचं वय, शिक्षण, मुलं किती झाली, जगली किती. त्या शेवटच्या प्रश्नाला कुणीच वाकून उत्तर दिलं नाही. पेंढी खाली ठेवून, उभं राहून, पदर नीट करून दिलं. ती उत्तरं मी कधी विसरणार नाही.

एका वस्तीवर तीन घरं होती आणि तिन्हीत मिळून एक आजी, एक सून आणि दोन लहान पोरं. मी विचारलं, "आजी, बाकीची मानसं कुठं गेलीत?"

"मेंढरं घिऊन गेल्यात की बाई. किष्णाकाठाला."

"कधीपासनं?"

"दिवाळी झाली की गेली. आता मिरगाला येत्याल."

मी आजीचं, सुनेचं आणि पोरांचं लिहिलं. आजी बघत होती. लिहायला येत नसलं तरी ओळी मोजता येत होत्या. म्हणाली, "चारच वळी? माझी दोन पोरं, मोठी सून, नातू, त्येंची न्हाई लिवली?"

नियम असा की प्रगणनेच्या त्या काळात, ९ ते २८ फेब्रुवारी, जो माणूस सगळे दिवस बाहेर आहे त्याची नोंद त्याच्या घरी करायची नाही. तो जिथे सापडेल तिथे करायची. २८ तारखेच्या रात्री बेघरांची, उघड्यावर राहणाऱ्यांची वेगळी मोजणी असते, तिच्यात मेंढपाळांचे तळ येतात. नियम चुकीचा नाही. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून तो आहे. मी आजीला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मंजी माझी पोरं किष्णाकाठची झाली का?"

याचं उत्तर नियमपुस्तिकेत नव्हतं, आणि मला तो प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा वाटतो. कारण तो एका आजीचा नाही. आमच्या तालुक्यात धनगर समाज मोठा. पाऊस संपून रानं सुकली की मेंढरं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं कृष्णेच्या, भीमेच्या काठाला, बागायती पट्ट्यात जातात. शेतात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंडीचं खत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य किंवा पैसे. तालुक्यातल्या आणि मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन निघतात, कारखाने बंद होईस्तोवर परत येत नाहीत. पश्चिमेकडच्या गावांतली काही घरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर कुठे कुठे जाऊन बसलेली. खानापूर-आटपाडीकडे तर गावंच्या गावं त्यात आहेत. शाळेच्या हजेरीपटावर हे मी दर वर्षी बघितलंय. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग उघडला की काही नावांपुढे गैरहजेरी सुरू होते ती एप्रिलपर्यंत. नाव पटावर, पोर कोयत्याबरोबर. हंगामी वसतिगृहं झाली, त्याने काही पोरं थांबली, सगळी नाही थांबली.

तर ३,२२,८४५ हा आकडा फेब्रुवारीचा. तालुका सगळ्यात रिकामा असतो तेव्हाचा. मार्च-एप्रिलला टोळ्या परत येतात. सुट्टी लागली की पुण्या-मुंबईची, गलाईवाली माणसं लेकराबाळांसह येतात. लग्नसराई, जत्रा. जूनच्या तोंडावर मेंढरं परततात. तालुका भरलेला असतो मे महिन्यात, आणि विहिरी आटलेल्या असतात तेही मे महिन्यातच. टँकर मात्र मोजला जातो जनगणनेच्या आकड्यावर, माणशी वीस लिटर. २०१९ च्या दुष्काळात सरकारने २०११ ऐवजी २०१८ ची लोकसंख्या धरून टँकर द्यायला सांगितलं होतं. चांगलं केलं. पण सात वर्षांची वाढ धरली तरी महिना फेब्रुवारीचाच राहिला. वस्तीवर टँकर आला की बायकांची भांडणं होतात म्हणून शहरातली माणसं नावं ठेवतात. त्या भांडणामागे हा हिशेब आहे. दहा माणसं गृहीत धरून आलेलं पाणी पंधरांना पुरवायचं असतं.

मी सोलापुरात राहते, इथेही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, उजनीत भरपूर असलं तरी. त्यामुळे पाण्याचा हिशेब शहरातल्या बाईला कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण इथे टाकी आहे, मोटर आहे. वस्तीवर बॅरल आहे.

हे सगळं वाचून सांगोला म्हणजे नुसतं रडगाणं, असं कुणाला वाटायला नको. या जमिनीने काय करून दाखवलं तेही सांगितलं पाहिजे. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ साली सुरू झालं, देशातल्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी ते एक. ओल कशी टिकवायची, बांध कसा घालायचा, कोणतं वाण तगतं, हे त्यांनी शोधलं. पण सांगोल्याने स्वतःहून शोधलं ते डाळिंब.

डाळिंबाचं झाड भरपूर पाण्यावर नाही, पाणी तोडण्यावर फळतं. बहार धरायच्या आधी झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी बंद करायचं, पानं पिवळी पडू द्यायची, पानगळ करून घ्यायची, मग छाटणी, खत, आणि पाणी सोडलं की कळी निघते. काळ्या खोल जमिनीत हे साधत नाही, कारण ती ओल सोडत नाही. आमचा मुरूम चार दिवसांत कोरडा होतो. ज्या जमिनीला पिढ्यान् पिढ्या माळ म्हणून बाजूला ठेवलं, तीच डाळिंबाला मानवली. हवा कोरडी, त्यामुळे फळाला रंग आणि चकाकी. ठिबक आलं, शेततळी आली, प्लॅस्टिकचा कागद अंथरून पावसाळ्यात भरून ठेवायची आणि उन्हाळ्यात थेंब थेंब सोडायची. अजनाळ्यासारख्या गावात डाळिंबाच्या पैशावर बंगले उभे राहिले. लोक लांबून बघायला यायचे. केंद्र सरकारचं डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापूरजवळ केगावला झालं. सोलापूरच्या डाळिंबाला मानांकन मिळालं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोला स्टेशनातून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. माझ्या लहानपणी याच स्टेशनात बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी धापा टाकत यायची. त्या दिवशी भाच्याने फलाटावरून व्हिडिओ पाठवला, क्रेटच्या थप्प्या आणि हमालांची धावपळ. मी तो किती तरी जणींना दाखवला.

आणि नेमक्या त्याच काळात बागा जायला लागल्या. दुष्काळाने नाही, पावसाने. २०१९ चा परतीचा पाऊस, २०२० च्या ऑक्टोबरमधली अतिवृष्टी, माणेला पूर, रानात दिवसच्या दिवस पाणी. तेल्या हा डाळिंबावरचा रोग आधीपासून होताच, ओलीत तो पसरतो. त्यात मर, म्हणजे झाड वाळून जाण्याचा रोग, आली आणि खोडाला सुईएवढी छिद्रं पाडणारा किडा, ज्याला सगळे पिन होल बोरर म्हणतात, तो आला. झाड वरून हिरवं असतं. एक दिवस एक फांदी पिवळी, पंधरवड्यात झाड वाळतं. खोड कापून पाहिलं तर आत काळे डाग आणि भुसा. भाच्याने पंधरा वर्षांची बाग जेसीबी लावून काढली. झाडं मुळासकट बांधावर पडली होती आणि वहिनी एकेका झाडावर उरलेली फळं तोडून पाटीत टाकत होती. विकायला नाही, वाया जायला नकोत म्हणून. त्या रानात आता मका आणि थोडी ज्वारी आहे, पलीकडच्या तुकड्यात त्याने पुन्हा डाळिंबाची नवी रोपं लावली आहेत.

भूगोलाच्या बाईला हे समजून घ्यावं लागतं की कोरडेपणा हे आमचं नुसतं दुःख नव्हतं, तो आमचा आधारही होता. त्या आधारावर एक अख्खी अर्थव्यवस्था उभी होती. पाऊस पडायची रीत बदलली की पाऊस वाढूनही नुकसान होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला जो पूर आला, मोहोळ, माढा, करमाळ्यात घरं पाण्यात गेली, तोही याच कोरड्या म्हणवणाऱ्या जिल्ह्यात.

पाणी आणण्याची लढाईसुद्धा आमच्या माणसांनी मोठी दिली आहे. गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले, पहिल्यांदा १९६२ ला. एसटीने विधानसभेला जाणारा आमदार म्हणून बाहेरच्यांना त्यांचं कौतुक. आम्हाला त्यांची आठवण पाण्याशी जोडलेली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात आटपाडीत पाणी परिषदा सुरू झाल्या, तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले आणि मागणी काय, तर कृष्णेचं पाणी समान वाटा. त्या रेट्यातून टेंभू उपसा सिंचन योजना पुढे सरकली. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने डोंगर चढून आटपाडीकडे आणि तिथून माणेच्या पात्रात येतं. पहिल्यांदा भर उन्हाळ्यात माणेला पाणी आलं तेव्हा बायका ओटी भरायला काठावर गेल्या होत्या. म्हैसाळ योजनेचं पाणी दक्षिणेकडे, नीरेचं उत्तरेकडे, उजनीचं पूर्वेकडून. आणि प्यायला शिरभावीची ८२ गावांची योजना, भीमेवरून. बघा, चारी दिशांनी दुसऱ्यांच्या नद्यांचं पाणी येतंय. आमची स्वतःची नदी त्या पाण्याची वाट झाली आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. आमची माणसं सहा-सहा महिने त्याच नद्यांच्या काठाला राबतात, ऊस तोडतात, मेंढरं बसवून त्यांची रानं पिकवतात. ते पाणी आमच्याकडे येणं हा हिशेबच आहे.

म्हणून येत्या जनगणनेत काय व्हावं असं मला वाटतं ते लिहिते. घरयादी २०२६ मध्ये आहे, माणसांची गणती फेब्रुवारी २०२७ ला, आणि या वेळी सगळं मोबाईलवर. घरयादीत बंद घराचीही नोंद होते. बंद घर म्हणजे ओसाड घर नव्हे, हे वस्तीवरच्या शेजाऱ्याने प्रगणकाला सांगितलं पाहिजे: हे घर मेंढरामागे गेलंय, मिरगाला येणार. हे कोयत्याला गेलंय, पाडव्याला येणार. ग्रामपंचायतीने गावापुरती एक साधी वही ठेवावी. वस्तीचं नाव, घरं किती, फेब्रुवारीत माणसं किती, मे महिन्यात माणसं किती, जनावरं किती, पाणी कुठून. सरपंच आणि ग्रामसेवक टँकरचा प्रस्ताव करतात तेव्हा जनगणनेच्या आकड्याशेजारी ही वही ठेवली तर तहसीलदाराला निर्णय घ्यायला आधार होईल. हे करायला कुठलाही शासन आदेश लागत नाही.

ऊसतोडीला, मेंढरामागे गेलेल्यांसाठीही एक सांगणं आहे. तळावर, ऊसतोडीच्या कोपीवर (झोपडीवर) मोजायला माणूस आला तर घाबरून 'आमी हितलं न्हाई' म्हणून परत पाठवू नका. मोजून घ्या. जन्म कुठला, मागचं राहण्याचं ठिकाण कोणतं, असे प्रश्न विचारतील, त्यात सांगोला, मंगळवेढा, जत असं आपल्या तालुक्याचं नाव स्पष्ट सांगा. स्थलांतराची कोष्टकं त्यातूनच तयार होतात. आजीच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर त्या रकान्यात आहे.

आमच्या गावची वही मी भाच्याबरोबर सुरू केली आहे. गावठाण सोडून वस्त्या लिहायला लागलो तर दोघांनाही सगळ्या माहीत नव्हत्या, मग गावच्या पोस्टमनला बसवून घेतलं. मे महिन्याचा रकाना भरायला मी स्वतः जाणार आहे, तेव्हा बहुतेक सगळी घरी असतात. सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जतकडची कुणी शिक्षक मंडळी हे वाचत असतील तर तुमच्या शाळेच्या हजेरीपटावरून दिवाळीनंतर गेलेल्या पोरांची यादी काढून ठेवा. नाव, वस्ती, कुठे गेले, कधी परतले. एवढे चार रकाने पुरतात.